समोरच्या गाड्यांचा नमस्कार

“डावी पट्टी डावीकडे, उजवी उजवीकडे. यात वाचायचं काय?” डेस्मंड म्हणाला आणि डोव्हर बंदरातल्या बोटीच्या रांगेत, गाडीच्या नाकासमोर गुडघे टेकून बसला. ग्लेनिस त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. इंग्लंडातल्या गाडीच्या दिव्यांचा झोत डाव्या कडेला झुकलेला. पलीकडे फ्रान्समध्ये गाडी उजवीकडून चालवायची, म्हणजे तोच झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत. म्हणून दिव्यांवर या चिकटपट्ट्या लावायच्या. डेस्मंडनं दोन्ही पट्ट्या अंगठ्यानं दाबून बसवल्या आणि सूचनांचा कागद बायकोच्या हातात कोंबला.

निघाला होता मुलीच्या लग्नाला, पण चेहरा मयताला निघाल्यासारखा. रोवेना नॉर्मंडीतल्या एर्वे नावाच्या मुलाशी लग्न करत होती. एर्वेबद्दल डेस्मंडची काही तक्रार नव्हती. तक्रार अख्ख्या फ्रान्सबद्दल होती. तरुणपणी पॅरिसमध्ये एका वेटरनं त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, ते त्यानं आजतागायत जपून ठेवलं होतं. “शिष्ट माणसं. साधी ओळख दाखवणार नाहीत,” हे पालुपद उन्हाळ्यापासून चालू होतं. लग्नाला येईन, सूट घालीन, पण वधूपित्यानं करायचं ते भाषण मी करणार नाही, असं त्यानं जाहीर केलं होतं. रोवेना फोनवर रडली. ग्लेनिसनं समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. डेस्मंड ढिम्म.

बोटीतून फ्रान्सच्या किनाऱ्यावर, कॅलेला उतरले तेव्हा डिसेंबरचा अंधार पडू लागला होता, वर धुकं. समोरून आलेल्या पहिल्याच गाडीनं दिवे उघडझाप केले.

“ओळखीचा आहे का कुणी?” डेस्मंडनं विचारलं.

दुसरीनंही तेच केलं. मग तिसरीनं. चौथीनं तर हॉर्नही वाजवला. ग्लेनिसला शंका आली. तिनं मांडीवरचा कागद उलगडला. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: डावा-उजवा म्हणजे गाडीत बसलेल्याचा, गाडीसमोर उभ्या असलेल्याचा नव्हे. पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. ती सांगायला तोंड उघडणार, तोच डेस्मंड म्हणाला, “नमस्कार करताहेत गं.”

“काय?”

“आपली नंबरप्लेट बघून. पाहुणे आले म्हणून.” त्यानंही दिवे उघडझाप केले आणि हात वर केला. समोरच्या माणसानं काच खाली करून काहीतरी ओरडून सांगितलं. “बघ, काच खाली करून बोलतो बिचारा. एवढ्या थंडीत.”

ग्लेनिसनं कागदाची घडी घातली आणि ती त्याच्यावर बसली. समोरच्यांची तिला दया येत होती. पण नवरा प्रत्येक गाडीगणिक खुलत चालला होता. तो शीळ घालायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, “तो वेटरसुद्धा दमलेला असेल त्या दिवशी.” मग आणखी दोन गाड्यांना हात करून, “एर्वे तसा बरा वाटतो मुलगा.” पुढच्या थांब्यावर सांगू, असं ग्लेनिसनं मनाशी ठरवलं. हीटरच्या उबेत तिचा डोळा लागला, तो थेट एर्वेच्या घराच्या फाटकाशी उघडला.

जेवणाच्या टेबलाशी डेस्मंडला राहवत नव्हतं. “कॅलेपासून तुमच्या दारापर्यंत,” तो एर्वेच्या आईला सांगत होता, “एकही गाडी नमस्कार केल्याशिवाय गेली नाही. मी तुम्हा लोकांना उगाच शिष्ट समजत होतो.”

आईला इंग्रजी येत नव्हतं. एर्वेनं फ्रेंचमध्ये सांगितल्यावर ती बुचकळ्यात पडली. “इथे? इथे शेजारीसुद्धा नमस्कार करत नाहीत.”

“आई म्हणते, इकडची माणसं तशीच आहेत,” एर्वेनं गंभीर चेहऱ्यानं भाषांतर केलं.

डेस्मंड ग्लास घेऊन उभा राहिला. “उद्या माझं भाषण आहे,” तो म्हणाला. “लांबलं तर सांभाळून घ्या.” रोवेना खुर्ची सारून धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली.

त्या गडबडीत ग्लेनिसनं एर्वेला स्वयंपाकघरात गाठलं. “दिव्यांवरच्या पट्ट्या उलट्या लागल्यात,” ती कुजबुजली. “जाऊन गुपचूप बदल. त्याला कळता कामा नये, नाहीतर भाषण गेलं.”

एर्वे बॅटरी घेऊन बाहेर गेला आणि लगेच परत आला. “तुमचा काहीतरी घोळ होतोय. पट्ट्या अगदी बरोबर लागल्यात. तो कागद वाचून लावल्यासारख्या.”

ग्लेनिस टेबलाशी येऊन नवऱ्याला खेटून बसली. “डेस्मंड, पट्ट्या कधी बदलल्यास?”

“पेट्रोल पंपावर,” तो चीज कापता कापता म्हणाला. “तू घोरत होतीस. एका ट्रकवाल्यानं खाली उतरून मला दोन्ही हातांनी झापलं. शब्द एक कळला नाही, पण मुद्दा कळला. तुझ्याखालचा कागद ओढून वाचला.”

“आणि त्यानंतर किती जणांनी दिवे मारले?”

“कुणी नाही.”

“मग हे दारापर्यंतचे नमस्कार कुठले?”

डेस्मंडनं टेबलापलीकडे पाहिलं. एर्वे रोवेनाचे डोळे रुमालानं टिपत होता.

“उन्हाळ्यापासून नाही म्हणत आलोय, ग्लेनिस,” तो हळूच म्हणाला. “उगाच कसं हो म्हणू?”