विल्फची अंगठी

नवा मेटल डिटेक्टर तपासायचा, म्हणून आम्हा डिटेक्टरवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे मी माझीच लग्नाची अंगठी शेतात वीतभर खोल पुरली आणि वरून मशीन फिरवलं. खणखणीत वाजलं.

उकरली, तर हातात आली ती दुसरीच. आत ‘हेटी’ कोरलेलं.

शेताच्या मालकीण हेटीबाईंनी ती गालाला लावली. “माझ्या विल्फची! नांगरताना इथंच हरवली होती. मरेपर्यंत शोधत होता रे. अजून गरम आहे. देव तुझं भलं करो, क्लाइव्ह!”

माझी मात्र खड्ड्यात नव्हती.

“विल्फ, पोराची परत दे की,” बाई खड्ड्यात वाकून लाडानं म्हणाल्या.

मशीन खड्ड्याच्या पलीकडे वाजलं. मग पावलाभर पुढे. मग आणखी पुढे. आवाज जमिनीखालून घराकडे चालला होता.

“चल,” बाई डोळे पुसत म्हणाल्या, “तिघांचा चहा टाकते.”