पितृपक्षातला आरंभ

ॲप काही केल्या उघडेना. सूनबाईने ते काढून पुन्हा बसवले, तरी व्यर्थ. पाय मोडून घरी बसलेले हरिहरशास्त्री कासावीस झाले. पाठशाळेतल्या शिष्यांना आज समोरच्या लॅपटॉपवरून पाठ द्यायचा होता. आजवर तो कधी खंडित झाला नव्हता.

"मामंजी, ह्याच्यावर गुढीपाडव्याची तारीख कशी?"

शास्त्रीबुवा ओशाळले. "काल ॲप बसवताना मीच लावली. पितृपक्षात नवे काही आरंभू नये ना!"

सूनबाईला हसू आवरेना. "धन्य आहे! अहो, तारीख चुकली की हे उघडत नाही."

शास्त्रीबुवांनी आजची तारीख स्वहस्ते लावली. पडद्यावर शिष्यांचे जोडलेले हात उमटले.

"बरेच झाले," ते प्रसन्नपणे म्हणाले. "ज्या पितरांमुळे ही विद्या आपल्यापर्यंत पोचली, त्यांच्याच पंधरवड्यात आरंभ झाला."