पाठमोरे बाबा

इंजिनिअरिंग सोडून तिने फोटोग्राफीच्या कॉलेजात प्रवेश घेतला, त्या दिवसापासून बाबा तिच्याशी बोलत नव्हते. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसता अबोला. आधी ती रडायची, मग चिडायची. हल्ली तिला काहीच वाटत नसे.

दुसऱ्या वर्षाला 'घरातलं एक माणूस' हा विषय मिळाला. तिने बाबांचे फोटो काढले. बुटाची नाडी बांधताना, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभे असताना, खिडकीशी पेपर वाचताना. सगळे पाठमोरे. बाबा हो म्हणाले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

सरांनी ते फोटो वर्गातल्या भिंतीवर लावले आणि बराच वेळ पाहिले.

"छान आहेत. पण एकातही चेहरा नाही. त्यांना वळायला सांगायचं ना."

"आमच्यात बोलणं असतं तर सांगितलं असतं, सर."

सरांना ते वाक्य फारच आवडलं. चित्रातल्या मौनावर ते तास संपेपर्यंत बोलत राहिले. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं, तिने नाही.

त्या विषयात पहिला नंबर तिचाच आला. ती घरी आली, कॅमेरा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. काम संपलं होतं. ती खोलीकडे वळली, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. आधी तिला तो ओळखूच आला नाही.

"काल खिडकीपाशी बराच वेळ बसलो होतो. उजेडही चांगला होता. तू आलीच नाहीस."