रफूची उलटी बाजू

“आणि हा तिसरा?” तोमिएनं पडद्यावर बोट ठेवलं. तिच्याच मेंदूतल्या रक्तवाहिन्या समोर दिसत होत्या आणि त्यांवर तीन फुगे.

पहिल्या दोघांचा निकाल डॉक्टर कुराहाशींनी लावून टाकला होता. एका फुग्याच्या निमुळत्या मानेला बारीक चिमटा लावायचा. दुसऱ्यात मांडीतून तार नेऊन तो आतूनच भरून टाकायचा. तिसरा मात्र हट्टी. त्याला मानच नव्हती.

“त्याला वाहिनीसकट बंद करावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “मग पुढे रक्त कुठून जाणार? म्हणून कानावरच्या कातडीतली एक वाहिनी सोडवायची आणि आतल्या वाहिनीला शिवायची. आधी हाच करू. तो फार दिवस थांबणारा नाही.”

“अगं, हे तर तुझंच काम!” शेजारी बसलेला तिचा नवरा सोहेई म्हणाला. “दुमडीतले धागे काढायचे आणि भोक बुजवायचं.”

चाळीस वर्षं किमोनो रफू करणारी तोमिए हसली नाही.

“शिवण बिघडली तर?”

“वाचा जाईल. कदाचित जीवही.”

तिला भीती वाटली, चांगलीच वाटली.

“मला तुमची शिवण बघायचीय.”

“अगं, डॉक्टर आहेत ते, शिंपी नव्हेत!”

पण डॉक्टर उठले. खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक होता. रोज सकाळी ते त्याखाली सराव करत. आज शिवलेली नळी अजून तिथंच होती, शेवईएवढी. तोमिएनं भिंगाला डोळे लावले. दहा टाके, एकसारखे. डोळे वर केले की दोरा दिसेनासा व्हायचा.

“उलटी बाजू दाखवा.”

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग बारीक कात्रीनं नळी उभी चिरली आणि उलगडून ठेवली.

सुलट बाजू कुणालाही सजवता येते, हे तिला ठाऊक होतं. ती पुन्हा वाकली. आत एकही टाका भलतीकडे अडकला नव्हता, एकही टोक लोंबत नव्हतं. असं काम तिनं स्वतःच्या हातचंही पाहिलं नव्हतं. माणसाच्या बोटांना हे जमतं! तिचे डोळे भरून आले आणि भिंगातलं सगळं धूसर झालं.

“काय दिसतंय? बोल ना!” सोहेईला राहवेना.

तोमिए उठली. डॉक्टरांसमोर कमरेत पार वाकली.

“डोकं कधी आणून देऊ?”