मेंदीचा हात

मृण्मयीनं बाही वर सारली आणि हात डासांच्या पिंजऱ्यात घातला.

“अगं, आज मेंदी आहे तुझी!” तिला प्रयोगशाळेतून न्यायला आलेले बाबा ओरडलेच.

“रक्त पाजायचं यंत्र बिघडलंय, बाबा. आज पोट भरलं नाही, तर माद्या अंडी न घालताच मरतील. डेंगी न पसरवणारा हा वाण किती वर्षांनी साधलाय!”

“मग माझा हात घे. नवरी मी नाहीये.”

“परवानगी माझ्याच हाताला आहे. शिवाय तुमचं रक्त भलतंच गोड.”

जाळीआड माद्यांची पोटं लाल, टम्म होऊ लागली. हात आगीसारखा खाजत होता, पण मृण्मयीनं तो तसूभर हलवला नाही; फक्त दुसऱ्या हाताची मूठ आवळली.

बाबांनी ती मूठ अलगद आपल्या हातात घेतली. पाळण्यातल्या लेकीला एक डास चावला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस, आता डास उडू नयेत म्हणून श्वास रोखून उभा होता.

फोन वाजला. “कुठे आहात? मेंदीवाली खोळंबलीय!” मृण्मयीची आई करवादली.

“तिला चहा दे,” बाबा कुजबुजले. “इथं पंगत बसलीय. मध्येच उठवता येत नाही.”