गिरणीचा तांदूळ

शहाडला भाताची गिरण नवी सुरू झाली, तेव्हापासून मोहने गावचा राघो तिच्यावर डूख धरून होता. "गिरनीचा तांदूल पांढराफेक दिसतो, पन सगला कस कोंड्यान जातो. खाल तर हातपाय लुले पडतील!" असं तो दिसेल त्याला ऐकवायचा. त्याचं काय जात होतं? घरी कांडायला बायको होतीच.

मुसळ हाणून हाणून ठमाबाईच्या तळहातांची सालं निघाली, तेव्हा एका सकाळी तिनं भाताचं बोचकं डोक्यावर घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा गिरण गाठली. दुपारी परतून तिनं तांदळाचं बोचकं ओट्यावर उतरवलं. घोटभर पाणीही पोटात गेलं नव्हतं, तोच राघोनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं. पहिला घाव तिनं हातावर झेलला. दुसऱ्याला तो हात वर आलाच नाही.

तिन्हीसांजेला हाडवैद्याच्या पडवीत हाताला कामट्या बांधून घेताना तिनं पदर दातांत गच्च धरला होता.

"एवढं दणकट हाड मोडलं कसं रे?" वैद्यानं विचारलं.

राघोनं लांब सुस्कारा सोडला. "काय सांगू बाबा, गिरनीचा तांदूल! हाडां पार ठिसूल करून टाकतो."

"मी कधीचा सांगतोय," वैद्यानं मान डोलावली, "पण ऐकतं कोण?"

ठमाबाईनं दातांतला पदर सोडला.



"बाबा, तो तांदूल अजून चुलीवर चढलाच नाय."