नाव घ्यायचं नाही

बडी बहू रडायला लागली आणि नेमकं तेव्हाच इंदुताईंच्या टीव्हीवरचं चित्र गेलं.

खोलीतल्या बायका एकदम हळहळल्या. ही मालिका त्यांनी पूर्वी दूरदर्शनवर पाहिलेलीच होती. पुढे काय होणार ते सगळ्यांना पाठ होतं. तरी घरोघरी केबल आल्यापासून दर गुरुवारी दुपारी त्या नल्लकुंटा भागातल्या या घरी जमायच्या आणि त्याच प्रसंगाला पुन्हा पदरानं डोळे पुसायच्या.

शेजारच्या सुमनबाईंनी आपल्या मुलाला, परागला बोलावणं धाडलं. परागचा केबलचा धंदा होता. वायरी त्याच्या गल्लीभर गेलेल्या, पण चित्र जायचं ते बहुतेक इंदुताईंच्याच घरचं. तो गच्चीवर चढला. चित्र आलं की गेलं ते ओरडून सांगायला इंदुताईंची मुलगी तेजश्री जिन्यात उभी राहिली. चित्र यायला बराच वेळ लागला.

मालिका संपली की बायकांची स्वतःची मालिका सुरू व्हायची. चहा पिता पिता प्रत्येकीनं आपल्या घरचं सांगायचं, पण नाव घ्यायचं नाही, असा इंदुताईंचाच नियम होता. मालिकेतलीच नावं वापरायची: सासूला किंवा घरातल्या मोठ्या बाईला बुआजी म्हणायचं, जावेला बडी बहू, घरातल्या पोरीला छुटकी. कोण कोणाबद्दल बोलतंय ते विचारायचं नाही. त्यामुळे कुणावर बालंट यायचं नाही आणि पोटातलं बाहेर पडायचं.

या नियमाच्या भरवशावरच सुमनबाईंनी गेल्या वर्षी सांगितलं होतं, की छुटकीनं हरतालिकेचा कडक उपास केला आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडली. महिन्याभरात त्यांच्या मुलीचं, शिल्पाचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीला आकडी येते असं कळलं, असा मुलाकडच्यांचा निरोप होता. साखरपुडा झालेली पोर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवेना, बोलेना. सुमनबाईंच्या मनात तेव्हा जे पेटलं ते विझलंच नाही.

गोष्ट बाहेर कोणी नेली ते कळायला मार्ग नव्हता. विचारायची तर सोयच नाही. शेवटी संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेल्या तेजश्रीनं खाली मान घालून सांगितलं.

"काकू, शिल्पाचं मोडणारी बुआजी आमच्याच घरात हाय. मला आणखी विचारू नका."

सुमनबाईंनी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? इंदुताईंच्या घरी तीन पिढ्यांची वकिली आणि सुमनबाई पडल्या शेतीवाल्या मराठ्यांच्या. इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही इंदुताईंनी त्यांना कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. तोंडावर मात्र साखर. अशीच बाई पाठीमागून सुरी चालवणार, याबद्दल सुमनबाईंना शंका उरली नाही.

उन्हाळ्यात तेजश्रीचं तारनाक्याच्या गौतमशी ठरलं. मुलगा बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. पगाराचा आकडा ऐकून बायकांच्या हातातल्या बशा तशाच राहिल्या. इंदुताईंचे पाय जमिनीवर ठरेनात. पत्रिका छापायच्या आधीच त्यांनी बेगम बाजारातून रुखवताची भांडी आणली. गौतमची मावशी गुरुवारच्या बायकांतल्या कुसुमताईंची जाऊ लागते, हे तेजश्रीनंच एकदा बोलता बोलता सुमनबाईंच्या कानावर घातलं. आणि कुसुमताईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तर अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

पुढच्या गुरुवारी इंदुताई आणखी चहा आणायला आत गेल्या, तेव्हा सुमनबाईंनी गोष्ट काढली. एका छुटकीच्या पाठीवर कोडाचा डाग आहे म्हणे. घरचे लपवून लग्न उरकतायत.

"पोराकडच्यांना बिचाऱ्यांना काही मालूम नाही," त्या हळहळून म्हणाल्या.

कोण ती, असं कुसुमताईंनी विचारलं नाही. फक्त त्यांनी आत इंदुताईंकडे पाहिलं आणि मग सुमनबाईंकडे. सुमनबाईंनी नाही म्हटलं नाही. दोघींनी बशा उचलल्या आणि चहा घेतला.

तारनाक्याहून नकार यायला फार दिवस लागले नाहीत.

त्या गुरुवारी टीव्ही बंदच होता. तेजश्री सकाळीच मैत्रिणीकडे गेली होती, घरात तिला गुदमरतं म्हणून. इंदुताईंनी पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडला आणि नाव घेऊन रडल्या. माझ्या तेजूच्या अंगावर डाग नाही हो, मी कोणाकोणाला दाखवत फिरू, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. सुमनबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांना बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं वाटत होतं. शिल्पाच्या एकेका आसवाची भरपाई होत होती.

"परेशान होऊ नका," त्या म्हणाल्या. "बदनाम झालेल्या पोरीलाही कोणी ना कोणी करून घेतंच."

निघाल्या तेव्हा कुसुमताई बरोबर होत्या. सुमनबाईंनी आपल्या घराचं फाटक उघडलं आणि तिथंच थांबल्या. ओट्यावर पराग उभा होता. गळ्यात हार, शेजारी तेजश्री, तिच्याही गळ्यात हार. सकाळी रजिस्ट्रारकडे जाऊन आलो, असं परागनं सांगितलं. मागं दारात शिल्पा गोंधळून उभी होती. कुसुमताई सुमनबाईंना सोडून थोड्या बाजूला झाल्या आणि तेजश्रीची पाठ दिसते का ते पाहू लागल्या.

"हिच्या आईनं तुझ्या बहिणीचं लग्न मोडलं," सुमनबाईंच्या तोंडून कसंबसं निघालं, "आणि तू हिलाच घरात आणतोस?"

तेजश्री पायऱ्या उतरून खाली आली, वाकून सुमनबाईंच्या पाया पडली आणि त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "आईनं शिल्पाचं काहीच मोडलं नव्हतं. पण माझं कुठंही ठरलं तरी ते मोडायला कोणीतरी पाहिजे होतं, आणि तुमच्याइतकं मनापासून ते दुसऱ्या कोणी मोडलं नसतं."